जुन्या संगणकावरील टपाल

मावळांतील पावसाळाभर बंद राहिलेलें लोणावळ्याचें घर उघडावें, जुना संगणक सुरू करावा, तों ई-मेलचें टपाल अडलेलें! परदेशीं असलेल्या मुलाचें पत्र येत नाहीं. अशा वेळीं पासवर्ड बदलण्याची घाई करूं नये. प्रथम संगणकाचें घड्याळ पाहावें.

वीज बंद असतांना हें घड्याळ आंतील नाण्याएवढ्या सेलवर चालतें. तो संपला, कीं तारीख कित्येक वर्षें मागें जाते. टपालाचा सर्व्हर आपली ओळख पटविण्यासाठीं जें प्रमाणपत्र दाखवितो, त्यास मुदत असते. चुकीच्या तारखेमुळें खरें प्रमाणपत्रहि खोटें ठरतें. म्हणून सेल बदलून तारीख बरोबर लावावी.

तरीहि अडचण राहिली, तर दोष बहुधा जुन्या कुलुपाचा असतो. टीएलएस १.० व १.१ या संरक्षण-पद्धति २०२१ सालीं त्याज्य ठरल्या. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजीं थांबली. यंत्र धड असल्यास त्यावर विनामूल्य मिळणारें लिनक्स बसवावें. मग येणाऱ्या टपालासाठीं आयमॅप व पोर्ट ९९३, जाणाऱ्यासाठीं ४६५ किंवा ५८७ असे आंकडे सामान्यतः भरावे लागतात.

मात्र पत्र लवकर यावें म्हणून संरक्षणाच्या रकान्यांत ‘नाहीं’ हा पर्याय कधींहि निवडूं नये. तसें करणें म्हणजे घराची किल्ली उघड्या पाकिटांतून पाठविणेंच होय.