पानाची मंद प्रभा आणि पिकाची प्रकृती

पानाकडे पाहून पिकाची प्रकृती ओळखणे ही शेतकऱ्याची जुनी विद्या आहे. परंतु पान पिवळे पडेपर्यंत पुष्कळदा हानी होऊन गेलेली असते. प्रकाशसंश्लेषणातील बिघाड त्यापूर्वी कळावा, यासाठी शेतात सहज नेता येईल असे हरितद्रव्य-अनुस्फुरणमापक उपकरण आता उपलब्ध आहे. त्याचा उपयोग व मर्यादा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हरितद्रव्याने शोषलेल्या प्रकाशाच्या तीन वाटा होतात. एक भाग अन्ननिर्मितीच्या कामी येतो, दुसरा उष्णतेच्या रूपाने निघून जातो आणि शेकडा १ ते २ इतका अल्प भाग तांबड्या प्रकाशाच्या रूपाने परत बाहेर पडतो. यासच अनुस्फुरण म्हणतात. अंधारात ठेवलेल्या पानावर एकदम उजेड पाडल्यास ही प्रभा आधी वाढते व मग उतरते, असे कौट्स्की व हिर्श या जर्मन शास्त्रज्ञांनी १९३१ साली दाखविले. आजच्या उपकरणांचा पाया तोच आहे.

मोजणीची रीत पुढीलप्रमाणे आहे. पूर्ण वाढलेल्या पानास उपकरणाचा चिमटा लावून तो भाग २० ते ३० मिनिटे अंधारात ठेवावा. नंतर उपकरण प्रथम अतिमंद प्रकाशात किमान अनुस्फुरण मोजते व लगेच प्रखर प्रकाशाचा क्षणिक झोत टाकून कमाल अनुस्फुरण मोजते. कमालातून किमान वजा करून बाकीस कमालाने भागावे. उदाहरणार्थ, किमान २०० व कमाल १२०० असल्यास उत्तर ०.८३ येते. बहुतेक निरोगी पानांचे उत्तर याच्या आसपास असते. किमान ३०० व कमाल ९०० भरल्यास उत्तर ०.६७ येईल, हे बिघाडाचे चिन्ह होय.

शेजारच्या मक्यावर फवारलेले ॲट्राझीन वाऱ्याने सोयाबीनवर आल्यास काय होते, ते पाहा. मका हे तणनाशक पचवू शकतो, सोयाबीनला ते जमत नाही. पानातील प्रकाशसंश्लेषणाचा ओघ अडतो आणि पान पिवळे पडण्यापूर्वीच अनुस्फुरणात फरक दिसू लागतो.

तथापि, उपकरण बिघाड दाखविते, त्याचे कारण सांगत नाही. तीव्र उष्णता, थंडी, रोग अथवा तणनाशक यांपैकी कशानेही आकडा उतरू शकतो. उलटपक्षी, पाण्याचा ताण सौम्य असताना पर्णरंध्रे मिटून अन्ननिर्मिती मंदावते, तरी आकडा बहुधा फारसा हलत नाही. म्हणून आकडा चांगला आला एवढ्यावरून पाणी पुरेसे आहे असे समजू नये. माती हातात घेऊन ओल पाहावीच.

भर दुपारच्या उन्हात निरोगी पानाचाही आकडा तात्पुरता उतरतो. यास्तव मोजणी सकाळी, रोज एकाच वेळी, सारख्या वयाच्या अनेक पानांवर करावी व त्याच शेतातील निरोगी झाडांशी तुलना करावी. एका पानाच्या एका आकड्यावरून शेतकऱ्यास औषध फवारावयास सांगणे म्हणजे त्याचा पैसा वाया घालविणे होय. आधी तुलना, मग कारणाचा शोध आणि शेवटी उपाय, हा क्रम कार्यकर्त्यांनी मोडू नये.