गोदाकाठचे नांदेड : गुर-ता-गद्दीच्या दशकाचा मागोवा

नांदेडच्या घाटांजवळ नाल्यांचे सांडपाणी आजही गोदावरीत मिसळते आणि पात्रावर जलपर्णी पसरते. त्यामुळे ज्या दशकाने या शहराला बांधीव घाट, रुंद रस्ते आणि नव्या रूपातला विमानतळ दिला, त्या दशकाचा हिशेब नव्याने मांडणे भाग पडते.

नांदेडच्या यात्रेकरूंच्या इतिहासातील निर्णायक वर्ष १७०८ हे होय. त्या वर्षी गुरू गोविंदसिंगांनी येथे देह ठेवला व तत्पूर्वी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. या गुरुपददानालाच गुर-ता-गद्दी म्हणतात. महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वारा उभा राहिला. निजामी राजवट, नंतरचे रेल्वेचे आगमन, १९५६ चा गुरुद्वारा कायदा यांनी शहराचे मूळ रूप फारसे बदलले नाही. दीर्घकाळ त्याचे पोट कापसावर आणि उस्मानशाही मिलवर चालले. ती गिरणी बंद पडल्याची हळहळ जुन्या कामगार वस्त्यांत अजून ओसरलेली नाही.

खरा पालट गुर-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीने घडवला. केंद्राने २००५ साली शहरांच्या पायाभूत सुविधांसाठी नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले, आणि त्यात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या पंक्तीला, आकाराने कितीतरी लहान असलेले नांदेड बसले. मराठवाड्याच्या वाट्याला असा योग क्वचितच येतो. परंतु ऑक्टोबर २००८ चा सोहळा हीच सर्व कामांची मुदत ठरल्याने, पाहुण्यांच्या नजरेस पडणारे आधी उरकले गेले. रस्तारुंदीत जुनी घरे-दुकाने गेली, घाटांना दगडी पायऱ्या मिळाल्या, आणि जमिनीखालची मलवाहिनी मात्र मागे राहिली. विमानतळ सजला, पण विमानसेवा सुरू होते आणि बंद पडते, हेच चक्र पुढे चालू राहिले.

नदीचे दुखणे त्या दशकाहून जुने आहे. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा बंधारा आहे. तेथून पंपांनी पाणी उचलून शेतीला देतात, यालाच उपसा सिंचन म्हणतात. त्या पाण्याचे मोल दुष्काळी मराठवाड्यात कोणीही नाकारणार नाही. तथापि दरवाजे बंद असताना खालचा प्रवाह मंदावतो, साचलेल्या पाण्यात सांडपाणी कुजते आणि जलपर्णीला तेच खाद्य मिळते. अशा पात्रात भाविकांना स्नान करावे लागते, ही नांदेडकरांना लाज आणणारी स्थिती आहे. प्रत्येक नाल्याचे पाणी तोंडाशीच अडवून शुद्धीकरण केंद्राकडे वळवले जात नाही, तोवर घाटांच्या सुशोभीकरणाचा एकही नवा प्रस्ताव महापालिकेने मंजूर करू नये.