वकिलाविना चाललेले न्यायखाते

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना सातारा जिल्ह्यात दोन सरकारे नांदत होती. एक इंग्रजांचे आणि दुसरे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार. आजचा सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच मोडत. 1949 साली दक्षिण सातारा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

1943 ते 1946 या काळात चाललेल्या या सरकारची शेणोलीची रेल्वे लूट आणि तुफान सेना हे सशस्त्र दल सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मते मात्र त्याचे सर्वांत मोठे खाते न्यायाचे होते. गावोगावच्या न्यायदान मंडळांनी ते चालवले आणि त्यात वकिलाला जागाच ठेवली नाही.

वकील मिळत नव्हते म्हणून असे झाले नाही. कायद्याची पदवी घेऊन कराडला वकिली सुरू केलेले यशवंतराव चव्हाण बेचाळीसच्या ‘चले जाव’ चळवळीच्या भूमिगत फळीत पुढेच होते. अडचण वेगळी होती. बांधाच्या वादासाठी तालुक्याला खेटे घालायचे, स्टॅम्पला पैसे मोजायचे, तारखेवर तारीख घ्यायची आणि अखेरीस वकिलाच्या फीसाठी सावकाराचे दार ठोठावायचे, हे कुणब्याला पुरते माहीत होते. शिवाय हा सत्यशोधकांचा मुलूख. भटाशिवाय लग्न लावायला लोक इथे आधीच शिकले होते. स्वतः नाना त्याच मुशीतले आणि 1930 च्या चळवळीत उडी घेण्यापूर्वी तलाठी असलेले. सातबाऱ्यावरच्या नोंदीने माणूस कसा नागवला जातो, हे त्यांनी दप्तरात बसून पाहिले होते.

मंडळापुढे वादी-प्रतिवादी आपापले म्हणणे स्वतः मांडत. पंच गावचे, साक्षीदार गावचे आणि ऐकायला बसलेलेही गावचेच. बांध कोणी कोरला, गहाणाचे पैसे फिटूनही जमीन कोणी दाबून ठेवली, बायकोला कोणी टाकले, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असे. त्यांच्यासमोर उभे राहून खोटे बोलणे अवघड होते. सावकारांना जमिनी परत कराव्या लागल्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईची तक्रारही गावासमोर ऐकली गेली. सरकारी कोर्टाची पायरी जिला कधी चढता आली नसती, तिच्यासाठी ही मोठीच गोष्ट होती.

आयर्लंडने 1920 च्या सुमारास इंग्रजांविरुद्ध अशीच लोकन्यायालये उभारली होती. तिथे मात्र वकील उभे राहत. साताऱ्याने ती चौकट घेतली नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गावगुंड, दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे यांच्या तळपायांवर काठ्या बसत. ‘पत्री सरकार’ या नावाने प्रतिसरकारची दहशत होती. पैशाच्या वा जमिनीच्या वादात वकील नसला तरी भागते; पण अंगावर शिक्षा घेणाऱ्याच्या बाजूने बोलणारा कोणीतरी लागतो. ती सोय या खात्यात नव्हती. भूमिगत अवस्थेत, मागे पोलीस लागलेले असताना ती करणे अवघड होते, हे खरे. तरी ही उणीव लहान नव्हती. तिच्यासकट पाहूनही मी म्हणेन की, गरिबाला फुकट, त्याच्या भाषेत आणि त्याच्या गावात न्याय देण्याचा इतका धीट प्रयत्न महाराष्ट्रात पुन्हा झाला नाही.

1946 मध्ये मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, नानांसह भूमिगत उघडपणे वावरू लागले आणि तंटे पुन्हा मामलेदार कचेरीत व कोर्टात गेले.

प्रतिसरकारातले क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड 2011 मध्ये गेले, तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ 2022 मध्ये. हे खाते डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. कुंडल, वाळवा, कराड, वाई या भागात तुमचे घर असेल आणि आजोबा-आजीकडून एखाद्या निवाड्याची हकिगत कानावर आली असेल, तर पंचांच्या नावांसह ती आजच लिहून ठेवा.