मेकेलचा अंधवर्ध

गर्भाच्या आतड्यास पीतककोशाशी जोडणारी नलिका साधारणतः दुसऱ्या महिन्यात लोप पावते. तिचा आतड्याकडील अंश टिकून राहिला, तर लहान आतड्याच्या अखेरच्या भागावर बंद टोकाची पिशवी उरते, हाच अंधवर्ध. शंभरांपैकी सुमारे २ व्यक्तींत तो आढळतो. योहान फ्रीडरिख मेकेल याने १८०९ मध्ये त्याची उत्पत्ती उलगडली. पिशवीत जठराचे अस्तर असल्यास आम्लामुळे लगतच्या आतड्यास व्रण पडतो व बालकास पुष्कळदा वेदनेवाचून रक्तस्राव होतो. प्रौढांत आतडे अडण्याचे प्रमाण अधिक असते. पिशवीचा दाह झाल्यास मात्र लक्षणे आंत्रपुच्छदाहाचीच भासतात. म्हणूनच शस्त्रक्रियेत आंत्रपुच्छ निर्दोष आढळल्यास, आतड्याचा हा भाग तपासल्यावाचून उदर शिवणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.