केंदाळ काढायचा दिवस

सकाळी ६. निपाणीजवळ, वेदगंगेच्या खोऱ्यातलं एक गावतळं. माशांचा ठेका घेतलेले मामा काठावर उभे. मासे वर तोंड काढतायत का, ते आधी बघतात. पाण्यातला प्राणवायू पहाटेच सगळ्यांत कमी. आज ठीक आहे.

७. गुऱ्हाळाची जुनी काहील होडी म्हणून पाण्यात उतरते. दोन गडी, दाताळं, विळा, दोर. हजेरी ५०० रुपये, चहा वेगळा. मी केंदाळाचं, म्हणजे जलपर्णीचं, एक रोप उचलून बघतो. देठ फुगीर, आत पोकळ-जाळीदार. खाली मुळांचा काळा झुपका, त्यात बारीक गोगलगाई. वजनाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पाणीच. गड्यांची कंबर त्यानंच मोडते.

९.३०. शेजारचा ऊसवाला बांधावर येतो. "मामा, टू-फोर-डी तणनाशक शिल्लक आहे. पंपबी देतो. मारून मोकळं व्हा."

"मरतंय की आण्णा. पण जातंय कुठं? खाली बसून कुजतंय."

कुजताना प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात. पट्टे सोडून, थोडं थोडं फवारलं तर धोका कमी होतो. पण इथं गावच्या म्हशी पाणी पितात. मला मामांचंच पटतं.

१२. झाडाखाली भाकरी, खर्डा, कांदा.

१. आता गवत्या माशाची पाळी. हा ग्रास कार्प १९५९ साली हाँगकाँगहून कटकला आणला. पाण्याखालचं कोवळं हायड्रिला तो मन लावून खातो. केंदाळाला सहसा तोंड लावत नाही, म्हणून दाताळं सुटत नाही. त्याच्या अर्धवट पचलेल्या हिरव्या लेंड्यांवर बारीक जीव वाढतात, ते कटला खातो. गवत्या जास्त सोडले तर मात्र तळ उघडा पडतो, बारक्या माशांना आडोसा राहत नाही. मामा मोजकेच सोडतात. साचलेल्या पाण्यात तो अंडी घालत नाही. बोटुकली विकत आणावी लागते, पण संख्या हातात राहते.

४. खालचं हायड्रिला संपत आलंय. मामा बांधावरचं गवत कापून बांबूच्या चौकटीत टाकतात. थोड्याच वेळात पाती खाली ओढली जातात.

५.३०. हजेरी वाटली. १,००० रुपये गेले. केंदाळाचा ढीग काठापासून लांब, खताच्या खड्ड्यात. पाण्यात राहिलेल्या तुकड्यांना पुन्हा फुटवे येतात, उन्हाळ्यात दोनेक आठवड्यांत केंदाळ दुप्पट होतं. मामांनी दोन्ही गड्यांना पंधरा दिवसांनी परत यायला सांगितलंय.