अंड्याची कोंबडी घेताना: बाजारात बघायचं काय आणि घरी आणून करायचं काय

आज विषय साधा आहे. परसात पाच-सहा अंड्याच्या कोंबड्या पाळायच्या आहेत, तर त्या निवडायच्या कशा आणि घ्यायच्या कुठून?

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही बाजारातून चार कोंबड्या आणल्या. दिसायला झकास, तुरा लालभडक. संध्याकाळी आणल्या आणि थेट घरच्या दहा कोंबड्यांत सोडल्या. सहाव्या दिवशी एक कोंबडी हिरवट पातळ हगू लागली. मग दुसरीची मान वाकडी झाली. पंधरा दिवसांत चौदातल्या अकरा गेल्या. विकणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? कोंबडी पारखायला आम्ही शिकलो नव्हतो, आणि आणल्यावर वेगळी ठेवायला हवी होती हेही ठाऊक नव्हतं. आज जे सांगणार आहोत ते त्या अकरा कोंबड्यांनी शिकवलेलं आहे.

पहिला प्रश्न, कोणती कोंबडी? आपल्या रत्नागिरीकडची गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते. बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. अंडी कमी, पण ती चपळ असते, घारीची सावली दिसली की करवंदीच्या जाळीत शिरते, आणि पिल्लं स्वतः वाढवते. दुसरीकडे सुधारित जाती आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेल्या ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’, बंगळूरची ‘गिरिराजा’. वनराजा परसात वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते, ती अंडी आणि मांस दोन्हींसाठी. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी, नीट ठेवली तर १६० ते १८० पर्यंत जाते.

हिशेब करून बघा. सहा गावठी कोंबड्यांची वर्षाला ३६० अंडी धरली, तर घरात रोज एक अंडं. सहा ग्रामप्रियांची ९६० धरली, तर रोज अडीचच्या वर. घरात दोन पोरं असतील तर हा फरक ताटात दिसतो. पण सुधारित कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, आणि तिच्या पिल्लांत आईचे गुण तसेच उतरत नाहीत. म्हणून आम्ही सांगतो, चार सुधारित घ्या आणि दोन गावठी ठेवा. अंडी सुधारितची, उबवणी गावठीची.

दुसरा प्रश्न, कोणत्या वयाची? एक दिवसाचं पिल्लू स्वस्त पडतं. पण त्याला पहिले काही आठवडे बल्बची ऊब लागते, वीज गेली की पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात, आणि निम्मे नर निघतात. अगदी अंड्यावर आलेली कोंबडी महाग, आणि बाजारात ‘अंड्यावरची’ म्हणून म्हातारीही खपवली जाते. मधला रस्ता म्हणजे तलंग, आठ ते दहा आठवड्यांची. ऊब लागत नाही, नर-मादी ओळखता येतात, बरीचशी लसीकरणं झालेली असतात. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा गट देतात तो याच वयाचा. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा. सरकारी अंडी उबवणी केंद्रांपैकी आपल्याला जवळचं कोल्हापूरचं.

आणि घ्यायच्या कधी? कोकणात पावसाळ्यात तूस ओलं राहतं, ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात. त्यामुळे जून-जुलैत नवीन पक्षी आणू नका. पाऊस ओसरला, नवरात्राच्या सुमाराला दहा आठवड्यांची तलंग आणली, तर साधारण पंचवीस आठवड्यांना, म्हणजे जानेवारीच्या मध्याला, ती अंड्यावर येते.

आता प्रत्यक्ष पारख. विकणाऱ्याकडे गेल्या गेल्या कोंबडीला हात लावू नका. दहा मिनिटं लांब उभे राहा. आजारी पक्षी माणूस जवळ आला की अंग चोरून ताठ उभा राहतो, निवांत झाला की पिसं फुलवून कोपऱ्यात डोळे मिटतो. कळपात असा एक जरी दिसला, तरी त्या कळपातली चांगली दिसणारी कोंबडीसुद्धा घेऊ नका. आणि जागाही बघा. पाण्याच्या भांड्यात शेवाळ, खाली ओला चिखल, नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास असेल तर परत फिरा.

मग कोंबडी हातात घ्या, डोक्याकडून शेपटीकडे या. डोळे गोल, चकचकीत, फेस नको. नाकपुड्या कोरड्या. कानाशी धरून श्वास ऐका, घरघर नको. तुऱ्यावर, चोचीच्या कडेला काळ्या खपल्या असतील तर देवीचा रोग असू शकतो. छातीचं मधलं हाड चाचपा, दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं, हाड सुरीसारखं लागलं तर कोंबडी आतून खंगलेली आहे. पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं बाजूला करून उवा, लिखा बघा. शेपटीखालची पिसं विष्ठेने चिकटलेली नकोत. पायावरचे खवले गुळगुळीत, चपटे हवेत. खवले उचललेले, खरखरीत दिसले तर खालती कीड आहे किंवा वय झालेलं आहे.

अंड्यावरची म्हणून घेत असाल तर आणखी दोन खुणा. अंडं घालायची जागा रुंद, ओलसर, फिकट असते, न घालणाऱ्या कोंबडीची आवळलेली, कोरडी. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात, त्यांच्यामध्ये आपली दोन-तीन बोटं बसली पाहिजेत. एकच बोट बसत असेल तर ती सध्या अंडी देत नाही. बाजारात कधी कधी मोठ्या लेअर फार्मवरून काढलेल्या कोंबड्या स्वस्तात येतात. दीड वर्ष पिंजऱ्यात अंडी देऊन झालेल्या असतात. चोचीचं टोक कापलेलं दिसलं की समजा. त्यांना मोकळ्यावर चरायची सवय नसते आणि मुंगसापासून पळायचं कळत नाही.

लसीबद्दल कसं विचारायचं? “लस दिली का?” विचारलं की सगळे “हो” म्हणतात. त्याऐवजी विचारा, “कोणती, कितव्या दिवशी, कशी दिली?” मानमोडीची, म्हणजे रानीखेतची, लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, पुढे चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा. गंबोरोची दुसऱ्या आठवड्यात. आर-टू-बी नावाची लस आठ आठवड्यांच्या पुढे टोचून देतात. कोणी म्हणालं, “आर-टू-बी सातव्या दिवशी दिली,” तर ओळखा की त्याला माहीत नाही. आमच्या त्या चार कोंबड्यांच्या वेळी हा एक प्रश्न विचारला असता तर...

असो. आता घरी आणल्यावरचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पाय बांधून उलट्या टांगून गाडीवरून आणू नका, हवेशीर डाल्यात आणा. आल्यावर आधी गुळाचं पाणी, दाणे नंतर. आणि तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवा. मानमोडी लागण झाल्यापासून साधारण पाच-सहा दिवसांत दिसते, कधी पंधरा दिवसही लागतात, म्हणून तीन आठवडे. भांडी वेगळी. सकाळी आधी जुन्या कोंबड्यांचं करा, मग नव्यांचं, आणि परत येताना चप्पल बदला, हात धुवा. तीन आठवडे कोणी आजारी पडलं नाही, तर एका रात्री अंधारात खुराड्यात नेऊन ठेवा, सकाळी मारामारी कमी होते.

इथे एका ताईंचा प्रश्न आलाय: “आमच्याकडे जागाच एक खोपटं, वेगळं ठेवायचं कुठे?” ताई, आंब्याच्या लाकडी खोक्याला जाळी मारून घराच्या दुसऱ्या बाजूला, पडवीत ठेवलंत तरी चालेल. दोन-तीन तलंगा त्यात रात्री राहतील, दिवसा वेगळं कुंपण करा. अंतर जितकं जास्त तितकं बरं.

शेवटची गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या दापोलीत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता. देशातली पहिली मोठी साथ २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात आली होती. त्यामुळे एकदम दोन-चार पक्षी मेले तर पऱ्ह्यात फेकू नका, उघड्या हाताने उचलू नका, उरलेले घाईघाईने विकू तर मुळीच नका. दवाखान्यात कळवा. तुम्ही विकलेली कोंबडी दुसऱ्या कुणाच्या तरी खुराड्यात जाते, आणि त्या घरातलीही पोरं त्या अंड्याची वाट बघत असतात.

पुढच्या वेळी खाद्याबद्दल बोलू. किनाऱ्यावरच्या शिंपल्या कुटून घातल्या की अंड्याचं कवच कसं घट्ट होतं, ते तेव्हा सांगतो.