कोल्बेची अभिक्रिया
सोडियम ॲसिटेटच्या संहत द्रावणातून वीज सोडली की प्लॅटिनमच्या धनाग्रावर इथेन आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात. हर्मान कोल्बे या जर्मन रसायनज्ञाच्या नावाने ही अभिक्रिया ओळखली जाते. इथे वेगळे ऑक्सिडीकारक रसायन लागतच नाही. धनाग्रच ॲसिटेट आयनाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेते. उरलेला कण कार्बन डायऑक्साइड टाकून मिथिल मुक्तमूलक बनतो. असे दोन मूलक जुळले की झाले इथेन.

खरी गंमत धनाग्राच्या पदार्थात आहे. कार्बनचे धनाग्र वापरले, तर मूलकाचा आणखी एक इलेक्ट्रॉन जाण्याकडे कल वाढतो. मग जोडी जमत नाही. इलेक्ट्रॉन गेल्याने मूलकापासून बनलेला धनभारित कार्बोकॅटायन पाण्याशी संयोग पावतो आणि अल्कोहोल मिळते. हा दुसरा मार्ग होफर-मोएस्ट अभिक्रिया म्हणून ओळखला जातो.